अडगळीतल्या फोनचा ध्वनिमुद्रक : घरच्या घरी ॲप कसे बनवावे?



आज बहुतेक घरांत कपाटाच्या खणात एखादा जुना स्मार्टफोन पडून असतो. काच तडकलेली असते, बँकेचे ॲप चालत नाही, नवीन व्हॉट्सॲप त्यावर बसत नाही. मोडीत द्यावा तर हाती काही येत नाही, म्हणून तो पडून राहतो. पण त्याचा माइक, घड्याळ, बॅटरी आणि मेमरी कार्डाची जागा बहुधा शाबूत असते. एका चांगल्या ध्वनिमुद्रकाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. कमी पडतो तो फक्त त्या फोनला झेपेल असा एक साधा प्रोग्रॅम, म्हणजेच ॲप. ते कसे बनवावे, त्यात कोणते हिशेब असतात आणि व्यापाऱ्याला त्याचा उपयोग काय, हे या पाठात पाहू. बारावी, डिप्लोमा किंवा पदवीला असलेल्या मुलाने सुट्टीत मनावर घेतले तर हे काम त्याला जमण्यासारखे आहे.

याची गरज काय?

बाजारात तयार रेकॉर्डर फुकट मिळतात, मग स्वतः कशाला बनवायचा, असे कोणीही विचारील. याची उत्तरे तीन आहेत. एक, अनेक तयार ॲपच्या नव्या आवृत्त्या जुन्या अँड्रॉइडवर बसतच नाहीत. दोन, फुकटच्या ॲपमध्ये जाहिराती असतात, त्यासाठी ते इंटरनेटची परवानगी मागते, आणि मग आपला आवाज कोठे जातो हे आपल्याला कळत नाही. तीन, जो मुलगा एक लहान पण पुरे काम देणारे ॲप शेवटास नेतो, त्याला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त शिकायला मिळते.

आता दुकानाच्या बाजूने पाहू. आमच्या पिढीतील अनेकांचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मालकाची टाचणवही उर्दूत, दिवाणजी मराठीत लिहिणारा, मुलगा इंग्रजी माध्यमातला आणि इचलकरंजीचा माल देणारा आपल्या वहीत आणखी वेगळ्या अक्षरात लिहिणारा. एकाच सौद्याच्या चार नोंदी होतात आणि एकाची दुसऱ्याला वाचता येत नाही. बोलण्यात मात्र सर्वांचे सर्वांना समजते. आवाजाला लिपी नसते. मालकाने रात्री दुकान बंद करताना दिवसभराचे सौदे, भाव, उधारी आणि उद्याची कामे पाच मिनिटे बोलून ठेवली, तर सकाळी दिवाणजी ती ऐकून मराठीत उतरवू शकतो आणि मुलगा संगणकात भरू शकतो. मालक आजारी पडला तरी धंद्याची माहिती त्याच्या एकट्याच्या डोक्यात अडकून राहत नाही.

घरातही हीच गोष्ट आहे. वडीलधाऱ्यांच्या उर्दू वह्या नातवंडांना वाचता येत नाहीत; पण दादी-नानीचे बोलणे त्यांना समजते. ते बोलणे ठेवले तर राहील, नाही तर त्यांच्याबरोबर जाईल.

कोल्हापूरला याचे मोठे उदाहरण आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांना राजर्षी शाहू महाराजांनी दरबारात आश्रय दिला. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच ग्रामोफोनच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या, पण खाँसाहेब स्वतःच्या गाण्याची तबकडी काढायला राजी झाले नाहीत. नातू अझीजुद्दीन खाँ यांनी त्यांच्या तोंडून आठवणी लिहून घेतल्या, म्हणून त्यांचे शब्द उरले. आवाज उरला नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे ध्वनिमुद्रण झाले होते, म्हणून १९७७ साली अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील तबकडीवर तो आवाज गेला. खाँसाहेबांचा नकार हा त्यांचा अधिकार होता. पण आपल्या घरातील आवाज कोणाच्या नकाराने नव्हे, तर निव्वळ आळसाने हरवतात.

आवाजाचे रीड-पिक

आता मुख्य पाठाकडे वळू. कापडाचा व्यापारी ग्रे कापड घेताना रीड आणि पिक विचारतो. एका इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, यावर कापड विरळ की दाट ते ठरते. ध्वनिमुद्रणाचेही तसेच आहे.

माइकवर आवाज पडला की त्याची विजेची लाट होते. फोन त्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहितो. या एकेका मोजणीला नमुना म्हणतात. सेकंदाला किती नमुने घेतले तो झाला नमुन्यांचा दर. आणि प्रत्येक आकडा किती बारीक मोजला ते झाले बिटांचे माप. १६ बिट म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या. असा एक आकडा २ बाइट जागा घेतो.

दर किती ठेवावा? नियम असा की, दराच्या निम्म्यापर्यंतच्याच कंपनांचा आवाज पकडता येतो. सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर ४,००० कंपनांपर्यंतचा आवाज येतो. जुन्या टेलिफोनचा दर्जा साधारण हाच. माणूस ओळखू येतो, बोलणे कळते. पण ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ या अक्षरांचा बराचसा भाग ४,००० च्या वर असतो, तो कापला जातो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे किरकोळ नाही. ‘साठ ताके’ मधला ‘स’ पुसट झाला की ऐकणाऱ्याला ‘आठ ताके’ वाटू शकते. म्हणून बोलण्यासाठी १६,००० चा दर चांगला आणि गाण्यासाठी ४४,१०० चा.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अँड्रॉइडच्या अधिकृत माहितीप्रमाणे ४४,१०० हा एकच दर सर्व फोनवर नक्की चालतो. इतर दर बहुतेक फोनवर चालतात, पण खात्री नसते. म्हणून ॲपने आधी १६,००० मागून पाहावा. फोनने नकार दिला तर ४४,१०० वर जावे.

जागेचा हिशेब असा करावा. एकेरी (मोनो) ध्वनी व १६ बिट धरून :

८,००० × २ = सेकंदाला १६,००० बाइट; तासाला सुमारे ५८ एमबी.
१६,००० × २ = सेकंदाला ३२,००० बाइट; तासाला सुमारे ११५ एमबी.
४४,१०० × २ = सेकंदाला ८८,२०० बाइट; तासाला सुमारे ३१८ एमबी.

म्हणजे ८ जीबीच्या जुन्या कार्डावर १६,००० दराने साठ तासांहून अधिक बोलणे मावते. रोज दहा मिनिटे बोलले तरी वर्षभराचा माल एका कार्डात बसेल. दाबून लहान केलेला, म्हणजे एएसी प्रकारचा ध्वनी ६४ किलोबिटने घेतला तर तासाला २९ एमबीच लागतात. पण दाबलेला ध्वनी दाबलेल्या गाठीसारखा असतो. जागा वाचते, काही बारकावा जातो. कार्डावर जागा असेल तर शिकणाऱ्याने आधी न दाबलेला, म्हणजे डब्ल्यूएव्ही प्रकारचा ध्वनी घ्यावा. त्यात प्रत्येक बाइट कोठून आला ते समजते.

साधने आणि भांडवल

ॲप बनवण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला अगदी नवशिक्यासाठी. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे ॲप इन्व्हेंटर हे साधन इंटरनेटवर फुकट आहे. त्यात प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. ठोकळे जोडावे लागतात. ध्वनिमुद्रणाचा ठोकळा तयारच असतो. एक बटण सुरू करण्याचे, एक थांबवण्याचे, एवढे ॲप एका दुपारी होते. पण त्यात दर आणि माप आपल्या हाती राहत नाही.

दुसरा मार्ग अँड्रॉइड स्टुडिओचा. हेही फुकट आहे, पण निदान ८ जीबी रॅमचा संगणक हवा. घरी नसेल तर मित्राचा किंवा कॉलेजचा वापरावा. भाषा जावा किंवा कॉटलिन. प्रकल्प सुरू करताना ‘मिनिमम एसडीके’ विचारले जाते, म्हणजे कमीत कमी कोणत्या अँड्रॉइडवर ॲप चालावे. येथेच अनेकांचे जुन्या फोनचे काम बिघडते. बाहेरची तयार लायब्ररी जोडली की तिची अट लागू होते, आणि गुगलच्या स्वतःच्या नव्या लायब्ऱ्यांनीही २०२४ पासून अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडून दिले आहेत. म्हणून अँड्रॉइड ४.४ चा फोन असेल तर बाहेरचे काही जोडू नये. ध्वनी पकडणारा ‘ऑडिओरेकॉर्ड’ हा भाग २००९ च्या अँड्रॉइड १.५ पासून फोनमध्येच आहे. तेवढ्यावर काम भागते.

फोन जोडण्यासाठी सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट दाबले की डेव्हलपरची पाने उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग सुरू करावे. वायर मात्र माहिती वाहून नेणारी हवी. काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, आणि शिकणारा दिवसभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्याची घाई करू नये. त्याला एकदाच भरायची २५ डॉलर फी आहे, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आपल्या खणातल्या फोनवर वायरने ॲप बसवायला यातले काही लागत नाही.

ॲपचे चार भाग

१) परवानगी : माइक वापरण्याची परवानगी ॲपच्या यादीत लिहावी लागते. अँड्रॉइड ६ (२०१५) पासून ती चालू वापरातही विचारावी लागते. त्यापूर्वीच्या फोनवर ॲप बसवतानाच मिळते. इंटरनेटची परवानगी यादीत लिहूच नये. मग आपले ॲप आवाज बाहेर पाठवू शकणार नाही, आणि समोरच्याला तसे ठामपणे सांगता येईल.

२) बफर : बफर म्हणजे दुकानाचा ओटा समजावा. ट्रकमधून गाठी उतरतच असतात. ओट्यावरून हमाल त्या आत नेतात. आतला माणूस क्षणभर अडला तर ओट्यावर चार गाठी जास्त साचतात, बिघडत नाही. ओटा लहान असेल तर माल रस्त्यावर पडतो. माइकमधून नमुने येणे थांबत नसते, आणि जुने कार्ड लिहिताना मधेच अडखळते. ओटा भरला तर नमुने गळतात आणि ऐकताना शब्द तुटतो. फोन स्वतःच कमीत कमी बफर किती हवा ते सांगतो. त्याच्या चार ते आठ पट घ्यावा. माइकमधून उचलण्याचे आणि कार्डावर लिहिण्याचे काम दोन स्वतंत्र धाग्यांवर, म्हणजे थ्रेडवर, द्यावे. पडदा रंगवणाऱ्या मुख्य धाग्यावर यातले कोणतेही काम टाकू नये.

३) पातळी दाखवणारी पट्टी : १६ बिटांत सर्वात मोठा आकडा ३२,७६७. आवाज त्याच्या वर गेला की लाटेचे टोक कापले जाते आणि ते पुन्हा जोडता येत नाही. पट्टीवर सर्वात जोराचा शब्द निम्म्याच्या आसपास राहील इतके फोनचे अंतर ठेवावे. माइक निवडताना ‘व्हॉइस रेकग्निशन’ हा पर्यायही तपासावा. अनेक फोनवर त्यात आवाज आपोआप चढवण्या-उतरवण्याची ढवळाढवळ कमी असते. दोन्ही पर्यायांनी एकच वाक्य मुद्रित करून कानाने ठरवावे.

४) जागे ठेवणे : पडदा बंद झाला की फोन झोपू लागतो आणि मुद्रण अडते. त्यासाठी ‘वेक लॉक’ आणि वर सूचना दाखवणारी ‘फोरग्राउंड सर्व्हिस’ वापरावी. अँड्रॉइड ९ (२०१८) पासून मागे गेलेल्या ॲपला माइक मिळतच नाही, म्हणून ही सवय आताच लावावी. सिमकार्ड काढून फोन विमान-मोडमध्ये ठेवला की मधेच येणाऱ्या फोनचा प्रश्नही मिटतो.

फाइल वाचवणे हाच खरा धंदा

या पाठातील सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे. जुन्या फोनची बॅटरी २० टक्के दाखवता दाखवता बंद पडते. एका म्हाताऱ्या माणसाने तासभर सांगितलेली हकीकत शेवटच्या मिनिटाला गेली, तर ती तशीच पुन्हा सांगितली जात नाही. म्हणून ॲप बंद पडले तरी तोवरचा माल सुरक्षित राहिला पाहिजे.

डब्ल्यूएव्ही फाइलच्या सुरुवातीला साधारण ४४ बाइटचे बिल असते. त्यात दर, माप आणि एकूण माल किती हे लिहिलेले असते. एकूण आकडा मुद्रण संपल्यावर भरतात. फोन मधेच बंद पडला तर बिलावर शून्य राहते, आणि वाजवणारा प्रोग्रॅम फाइल रिकामी समजू शकतो, जरी माल आत असला तरी. उपाय दोन आहेत. दर पाच सेकंदांनी बिलातील आकडा नवा करावा आणि कार्डावर पक्का लिहावा. तसेच ॲप उघडताच अर्धवट फाइल आहे का ते पाहून, फाइलच्या लांबीवरून आकडा दुरुस्त करावा.

तयार ‘मीडियारेकॉर्डर’ने एमपी४ किंवा ३जीपी फाइल केली तर धोका मोठा आहे. तेथे मालाची यादी शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वी फोन बंद पडला तर फाइल उघडत नाही आणि दुरुस्तीही सोपी नसते. एएसीच हवे असेल तर ‘एडीटीएस’ हा प्रकार घ्यावा; त्यात प्रत्येक तुकडा आपली माहिती स्वतःबरोबर घेऊन असतो. तो अँड्रॉइड ४.१ पासून आहे.

लांब मुद्रण असेल तर दर पंधरा मिनिटांनी नवी फाइल सुरू करावी. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस-वेळ या क्रमाने द्यावे, म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते. पण सिम नसलेल्या फोनची बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ चुकते आणि कधी कधी थेट १९७० दाखवते. म्हणून नावावर विसंबू नये. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचे नाव तोंडाने सांगावे. एक आवाज खणखणीत ऐकू यावा पण तो कोणाचा हे कोणालाच माहीत नसावे, असा संग्रह लेबल नसलेल्या ताक्यांच्या ढिगासारखा होय.

संगणकावर एक प्रत आणि दुसऱ्या घरी एक प्रत ठेवावी. मूळ फाइल कापू-जोडू नये. कापायची असेल तर प्रतीवर काम करावे.

इजाजत आणि कायदा

दुसऱ्याचा आवाज ही अमानत आहे. विचारल्याशिवाय घेऊ नये आणि ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरावा. ‘मी हे रेकॉर्ड करतो, चालेल ना?’ हा प्रश्न आणि त्याचे उत्तर मुद्रणातच असावे. आपले हे ॲप समोरासमोरच्या बोलण्यासाठी व स्वतःच्या टिपणासाठी आहे, फोनवरचे बोलणे चोरून टिपण्यासाठी नाही. गुगलनेही मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरील ॲपना ॲक्सेसिबिलिटीच्या वाटेने कॉल रेकॉर्ड करण्याची बंदी केली आहे.

मुद्रित आवाज न्यायालयात चालतो का, असे व्यापारी नेहमी विचारतात. युसुफअली इस्माईल नागरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच टेपवरील संभाषण पुराव्यात ग्राह्य धरले. पण टेप पुसता व बदलता येते, म्हणून सावधपणे पाहावे असेही सांगितले. पुढे जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात २०२० साली न्यायालयाने सांगितले की, मूळ साधनच हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर ठरलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजावा. एक बिट बदलला तरी अंगठा बदलतो. ‘एसएचए-२५६’ हा हॅश काढण्याची सोय अँड्रॉइडमध्ये तयार आहे. आठ-दहा ओळींत काम होते. मुद्रण थांबताच ॲपने तो काढून एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहावा. बाकी सल्ला वकिलाकडूनच घ्यावा. लेखी बिल आणि सही यांची जागा मुद्रण घेऊ शकत नाही. ते फक्त आठवणीला आधार देते.

फोनबद्दल दोन इशारे

बॅटरी फुगलेली असेल, मागचे झाकण वर आले असेल तर तो फोन वापरू नये, चार्जिंगलाही लावू नये. दुसरे, जुन्या फोनला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यावर बँक, यूपीआय किंवा दुकानाचा ईमेल ठेवू नये. वायफाय बंद ठेवावे आणि फाइली वायरने काढाव्यात.

शिकण्याचा क्रम

पहिल्या आठवड्यात फक्त एक बटण आणि आकडे : माइक सुरू होऊन सर्वात मोठा नमुना पडद्यावर दिसावा. दुसऱ्या आठवड्यात दहा सेकंदांची डब्ल्यूएव्ही फाइल संगणकावर वाजावी. तिसऱ्यात बफर, दोन धागे आणि पडदा बंद करून तासभराचे मुद्रण. चौथ्यात फाइल वाचवणे. याची परीक्षा एकच : मुद्रण चालू असताना, निघत असेल तर बॅटरी काढावी, नाही तर पॉवरचे बटण धरून फोन जबरदस्तीने बंद करावा. पुन्हा सुरू केल्यावर शेवटच्या पाच सेकंदांखेरीज सर्व ऐकू आले पाहिजे. ही परीक्षा पास होईपर्यंत कोणाही वडीलधाऱ्यासमोर तो फोन ठेवू नये.

या ॲपने कोणी श्रीमंत होणार नाही. पण ज्याला हे जमले त्याला माप, साठा, वेळ आणि जोखीम या चार गोष्टींचा हिशेब जमला. आणि सॉफ्टवेअर असो की कापड, धंदा यापेक्षा वेगळा नसतो. दुकानदार बंधूंनी आपल्या मुलांना, भाच्यांना खणातला फोन काढून द्यावा आणि एका महिन्याची मुदत द्यावी. ॲप तयार झाले की पहिले मुद्रण दुकानाच्या हिशेबाचे करावे, आणि दुसरे घरातील सर्वात वृद्ध माणसाचे.